आवकच्या शिक्क्याला परवानगी समजू नका: पाटणादेवीच्या ट्रेल रनमध्ये झालेली फसवणूक

पाटणादेवीच्या जंगलात 'गाइडेड ट्रेल रन', म्हणजे वाटाड्यासोबत रानवाटांवरून पळणं, आहे असं सांगून माणशी २,४०० रुपये घेतले आणि प्रत्यक्षात पळवलं ते डांबरी रस्त्यावर आणि कापसाच्या शेतांमधल्या गाडीवाटेवर. चाळीसगाव, धुळे, जळगावकडच्या धावणाऱ्यांच्या बाबतीत हे घडलं. तक्रार चालू असल्याने आयोजकाचं नाव इथे देत नाही. पण फसवायची पद्धत नीट समजून घ्या. हीच जाहिरात उद्या तोरणमाळच्या किंवा यावल अभयारण्याच्या नावाने तुमच्या मोबाइलवर येऊ शकते.

जाहिरातीत लिहिलं होतं: २१ किलोमीटर, ९०० मीटर चढ, वनविभागाची परवानगी, दर दहा जणांमागे स्थानिक वाटाड्या, टायमिंग चिप (धावायला लागलेली वेळ नोंदणारी), विमा, ॲम्ब्युलन्स आणि शेवटी भरीत-पुरी. यातलं जेवण तेवढं मिळालं.

कुणी परवानगीबद्दल विचारलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर एका कागदाचा फोटो पडायचा. वरच्या बाजूला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचा पत्ता, खाली गोल शिक्का, तारीख आणि निळ्या शाईतली छोटी सही. शिक्का दिसला की लोक पैसे पाठवायचे. फोटो बोटांनी मोठा केला असता, तर शिक्क्यातला 'आवक' हा शब्द स्पष्ट वाचता आला असता. म्हणजे तो आयोजकाने स्वतः दिलेला अर्ज होता. कार्यालयात अर्ज पोचला एवढंच आवकच्या शिक्क्यावरून कळतं. परवानगीचं पत्र कार्यालयातून बाहेर येतं, त्यामुळे त्यावर जावक क्रमांक असतो, अधिकाऱ्याची पदनामासह सही असते आणि अटी लिहिलेल्या असतात: किती माणसं, कोणती वाट, किती वाजेपर्यंत. अटी नसलेलं पत्र दिसलं तर तिथेच थांबा.

पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ सालचं आहे आणि जळगाव व छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. वाट पितळखोऱ्याच्या बाजूला वर चढत असेल तर हद्द आणि कार्यालय बदलतं का, हे आधीच विचारून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे आणि कारवाई धावणाऱ्यावरही होऊ शकते. त्या पहाटे नाक्यावरच्या वनरक्षकाने एवढंच विचारलं, "भाऊ, पावती कोठे शे?" आयोजकाचा माणूस "साहेबांशी बोलणं झालंय" म्हणत राहिला. गट आत गेलाच नाही, वाट बाहेरूनच वळवली.

शेवटी घड्याळांत भरले १२.८ किलोमीटर. त्यावर उत्तर मिळालं, "जंगलात जीपीएस चुकतं." दाट झाडीत किंवा कड्याखाली थोडा फरक पडतो हे खरं आहे, पण २१ चे १३ होत नाहीत. ही लबाडी आधीच पकडता आली असती. मार्गाची जीपीएक्स फाइल (वाटेवरचे जीपीएस बिंदू ओळीने नोंदलेली फाइल) मागा आणि फोनमधल्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. कुणी खरंच ती वाट पळून रेकॉर्ड केली असेल, तर सहसा प्रत्येक बिंदूसोबत वेळ नोंदलेली असते. इथल्या फाइलमध्ये वेळ कुठेच नव्हती, आणि नकाशावर टाकल्यावर रेघ नाल्यावरून आणि कड्यावरून सरळ गेलेली दिसत होती. घरी बसून नकाशावर बोटाने काढलेली रेघ अशी दिसते. वेळ असेल तर महिनाही बघा. उन्हाळ्यात रेकॉर्ड केलेली वाट पावसाळ्यानंतर गवतात बुडालेली असते. कुसळं मोज्यांत शिरतात, गवताखालचा सुटा दगड दिसत नाही आणि घोटा मुरगळतो.

वाटाड्यांच्या बाबतीत फार वाईट वाटतं. पायथ्याच्या गावांतल्या पोरांना ही रानं पाठ असतात. कुठल्या कड्याला आग्या मोहोळ आहे, कुठला झरा कधी आटतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांना कामच दिलं नाही. २६ जणांमागे एकच मुलगा होता, तोही बाहेरून आणलेला आणि फोनमधल्या नकाशावर विसंबलेला. आत गेले असते तर नेटवर्क गेल्यावर तोही हरवला असता. एक वाटाड्या पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे, हे दहा जणांच्या गटालाही लागतंच. मागे कुणी नसेल तर पाय मुरगळून बसलेला माणूस थेट जेवणाच्या वेळी मोजणीत कमी भरतो. पाण्याचंही तेच. आपल्याकडच्या उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा आणि पाण्याचे थांबे कितव्या किलोमीटरला आहेत ते लेखी मागा. इथे एकच थांबा होता, तोही सुरुवातीलाच.

चिपचं सांगायचं तर, ती वाचायला सुरुवातीला आणि शेवटी अँटेनाची चटई किंवा उभं यंत्र लागतं. ते दिसलं नाही तर छातीवरच्या नंबरमागची चिप काही कामाची नाही. विम्यासाठी पॉलिसी क्रमांक आणि नावांची यादी मागा आणि साहसी खेळ वगळलेत का ते वाचा. ॲम्ब्युलन्स म्हणून उभ्या असलेल्या जीपमध्ये स्ट्रेचरही नव्हतं.

पैसे परत मागितल्यावर दुसरा डाव आला. 'रिफंड' म्हणून यूपीआयवर रिक्वेस्ट आली आणि पिन टाकताच एकाच्या खात्यातून आणखी रक्कम गेली. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. असं झालं तर त्याच तासात १९३० वर फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येऊ शकते. व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक हाताशी ठेवा.

नोंदणीच्या पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. मात्र सगळ्यात आधी ग्रुपमधली चॅट एक्स्पोर्ट करा आणि जाहिरात, तो आवकचा कागद, जीपीएक्स फाइल सेव्ह करा. इथे तिसऱ्या दिवशी ॲडमिनने मेसेज उडवले, आणि ज्यांनी काहीच जपून ठेवलं नव्हतं त्यांच्याकडे फक्त बँकेचा एसएमएस उरला.