नळ, बोअर, आरओ की पाऊस: कोल्हापुरात टेट्रा पाळायचे तर

निऑन टेट्रा किंवा रॅम हे मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, किंचित आम्ल पाण्यातले छोटे मासे घ्यायचं ठरलं, की दुकानात पहिली गोष्ट निघते पीएचची (आकडा जितका कमी, तितकं पाणी आम्ल). पट्टी पाण्यात बुडते, रंग निळ्याकडे, म्हणजे जास्त पीएचकडे झुकतो आणि काउंटरवरून पीएच उतरवायची एक छोटी बाटली पुढे सरकते. "दोन टोपणं टाका, काय होत न्हाई."

होतं. माझे पहिले सहा निऑन त्या दोन टोपणांतच गेले. त्यामुळे आधी बाटलीचं सांगतो आणि मग बाकीच्या मार्गांकडे वळतो.

बाटलीत आम्ल असतं, बहुतेक वेळा फॉस्फरिक आम्ल किंवा सोडियम बायसल्फेट. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट मुरलेलं असतं, म्हणजे खायच्या सोड्याचं भावंडच. सोड्यावर लिंबू पिळलं की फसफसतं आणि आंबटपणा मरतो. टाकीतही तसंच घडतं. संध्याकाळी पीएच 7 दिसतो, सकाळी पुन्हा 7.8. आपण परत टोपण ओततो. हा सोडा, ज्याला मासेवाले केएच म्हणतात, संपत आला की तेच एक टोपण पीएच एकदम खाली पाडतं. पीएच 7 चा 6 झाला तर आम्लता दहा पट वाढलेली असते, आणि मासा दिवसातून दोनदा असे हेलकावे सोसत नाही. वर फॉस्फेटमुळे शेवाळाची चंगळ होते. माझ्या मते ही बाटली घेऊच नका.

म्हणून पट्टीऐवजी थेंबांचं केएच किट घ्या. थेंब मोजायचे, रंग बदलला की थांबायचं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश. पीएच मोजायचाच असेल तर बोअरचं ताजं पाणी लगेच मोजू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून पीएच कमी दिसतो. पातेल्यात रात्रभर उघडं ठेवा आणि सकाळी मोजा, तो खरा आकडा.

आता घरात कोणतं पाणी येतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

नळाचं पाणी म्हणजे धरणात साठलेला सह्याद्रीतला पाऊसच. काळ्या दगडातून झिरपत, क्षार गोळा करत आलेल्या बोअरच्या पाण्यापेक्षा ते सहसा बरंच मऊ असतं. केएच 4-5 च्या आत असेल तर पीएच 7.4 आहे म्हणून झोप उडवून घेऊ नका. दुकानातले निऑन ॲमेझॉनच्या ओढ्यातून नव्हे, फार्मच्या हौदातून आलेले असतात. रोज सारखा राहणारा 7.4 त्यांना चालतो, रोज हलणारा 6.5 चालत नाही. क्लोरीन काढायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाका, एवढंच.

बोअर असेल, डाळ शिजायला वेळ लागत असेल, बादलीच्या कडेला पांढरा थर बसत असेल, तर मात्र पाणीच पातळ करावं लागतं. त्याला दोन मार्ग: आरओ आणि पाऊस.

आरओचा हिशोब सोपा आहे. बोअरचा केएच 12 आहे आणि टाकीत 3 हवा, तर एक भाग बोअर, तीन भाग आरओ. साठ लिटरच्या टाकीत आठवड्याला 15 लिटर बदलायचं म्हटलं, तर पावणेचार लिटर बोअर आणि सव्वाअकरा लिटर आरओ. घरच्या मशीनमधून एवढं काढताना त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाया जातं; आमच्याकडे ते फरशीला वापरतात. दोन गोष्टी मात्र सांभाळा. अनेक घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, तेव्हा बाहेर आलेल्या पाण्याचाही केएच मोजा. आणि नुसतं आरओ कधीच भरू नका: केएच शून्यावर आला की पीएच कधी कोसळेल याचा भरवसा नाही, आणि 6 च्या खाली फिल्टरमधले माशांची घाण पचवणारे जिवाणूही सुस्तावतात. पाण्याचे जार मागवत असाल तर दर वेळी टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा बघा.

पाऊस फुकट, आणि कोल्हापुरात त्याची कमी नाही. पावसाच्या पाण्यात केएच जवळपास शून्य, म्हणजे प्रमाण आरओचंच. पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या. कौलावरचं किंवा स्वच्छ गच्चीवरचं घ्या. जस्ताच्या पत्र्यावरचं नको. झाकणबंद पिंप अंधारात ठेवा. दोनशे लिटरची दोन पिंपं सप्टेंबरअखेर भरली, तर वरच्या हिशोबानं बरोबर मृगापर्यंत पुरतात. कागदावर. उन्हाळ्यात उडालेलं पाणीही पावसाच्याच पाण्यानं भरावं लागतं (बोअरनं भरलं तर क्षार साठत जातात), म्हणून मी तिसरं पिंप ठेवतो. जागा असेल तर माझं मत पावसाला, फ्लॅटमध्ये असाल तर आरओला.

तिसऱ्या पिंपाला आणखी एक कारण आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा नळ बंद होते आणि मी टँकरचं पाणी न मोजता टाकीत ओतलं. कुठल्या विहिरीचं होतं देव जाणे.

बदामाच्या पानांचा फार गवगवा आहे. खाली गळलेलं, तपकिरी, धुतलेलं पान टाकलं की पाणी चहासारखं होतं, रॅम त्यात खुलतात. पण केएच कमी असेल तरच पीएच थोडा उतरतो. बोअरच्या पाण्यात नुसता रंग चढतो. ड्रिफ्टवुडचंही, म्हणजे टाकीत ठेवायच्या लाकडाचंही तेच.

एवढं करून टाकीत शंख-शिंपले किंवा संगमरवरी खडे टाकले, तर केएच पुन्हा चढतो. आपला काळा दगड उत्तम, फक्त त्याच्या भोकांत कधी कधी पांढरे स्फटिक असतात. त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तो दगड बागेत.

डिस्कस मासे किंवा जंगलातून पकडलेले कार्डिनल टेट्रा आणायचे असतील, निऑनची पिल्लं काढायची असतील, तर आरओ किंवा पावसाला पर्याय नाही. आणि घरी फक्त बोअर असेल, आरओ नाही, पिंप ठेवायला जागा नाही, तर गप्पी, मॉली, प्लॅटी घ्या. जड पाणी त्यांना मनापासून आवडतं, आणि महिन्याभरात पिल्लं कुणाला वाटायची हा प्रश्न पडतो.