दुभत्या गाईंसाठी लाइव्ह यीस्ट: पाकीट घेताना काय पाहावे

पशुखाद्याच्या दुकानात ‘प्रोबायोटिक’ म्हणून डझनभर पावडरी मिळतात. दुभत्या गाईसाठी त्यातली पैसे मोजण्याजोगी आमच्या मते एकच, जिवंत यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. आणि तीही प्रत्येक गोठ्याला लागत नाही.

जास्त दुधाची एचएफ संकरित गाय, सहा-आठ किलो खुराक, त्यात मका भरडा भरपूर आणि कडबा नावापुरता, अशा गोठ्यात तिचा खरा उपयोग दिसतो. मक्यातले पिष्ट झपाट्याने आंबून कोठीपोटाचा (चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या कप्प्याचा) सामू म्हणजे पीएच ५.८ च्या खाली जातो, तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात आणि दुधाचे फॅट उतरते. यीस्ट चाऱ्याबरोबर आत गेलेला ऑक्सिजन वापरून टाकते, लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंना बळ देते. शेण पातळ, त्यात बुडबुडे आणि मक्याचे अख्खे दाणे, निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याही रवंथ करत नाहीत, ही चिन्हे असतील तर यीस्ट जरूर द्या. वैरण भरपूर आणि खुराक बेताचा असलेल्या गाईला देऊन फारसा फरक पडत नाही.

पाकिटावर सगळ्यात आधी सीएफयू, म्हणजे जिवंत पेशींचा आकडा पाहा. गाईला रोज साधारण १० ते २० अब्ज जिवंत पेशी लागतात. ग्रॅमला २० अब्ज असलेली पावडर १ ग्रॅम पुरते. ग्रॅमला अर्धा अब्ज असेल तर तेवढ्याच पेशींसाठी ४० ग्रॅम घालावे लागतात. म्हणून किलोचा भाव फसवा असतो. गाईमागे रोजचा खर्च काढा आणि मगच दोन पाकिटांची तुलना करा. ‘यीस्ट कल्चर’ हा वेगळा माल आहे, त्यात मुख्यतः आंबवणीतले पोषक घटक असतात, जिवंत पेशींची हमी नसते. सीएफयू छापलेच नसेल तर पाकीट परत ठेवा.

जिवंतपणा घरीही तपासता येतो. कोमट पाण्यात (३८ ते ४० अंश) चिमूटभर साखर आणि चमचाभर पावडर ढवळा. दहा-पंधरा मिनिटांत फेस धरला तर पेशी जिवंत आहेत. पावडरीत भुसा किंवा खनिजे जास्त असतील तर फेस कमी येतो, तेव्हा या चाचणीवर एकट्यावर विसंबू नका.

माल चांगला असूनही वाया जातो तो उष्णतेने. शिजवलेल्या गरम आंबवणात यीस्ट घातली की पेशी मरतात. आंबवण हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. गोळी पेंड बनवताना ७०-८० अंशांची वाफ असते, त्यामुळे उष्णतारोधक आवरण नसलेली यीस्ट पेंडीत आधीच घातली असेल तर तिचा भरवसा धरू नका. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात पाकीट ठेवू नका, फोडल्यावर हवाबंद डब्यात ठेवा.

मात्रा छोटी असल्याने थेट गव्हाणीत टाकली तर एका गाईला दुप्पट, दुसरीला काहीच नाही असे होते. आधी ती मूठभर गव्हाच्या कोंड्यात कालवा, मग तो कोंडा प्रत्येक गाईच्या खुराकात वेगळा मिसळा. यीस्ट पोटात वस्ती करत नाही, म्हणून रोज द्यावी लागते. व्यायच्या तीन आठवडे आधीपासून वेताच्या पहिल्या शंभर दिवसांपर्यंत देणे सगळ्यात फायद्याचे. फॅटमध्ये फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतात. महिनाभराने डेअरीच्या पावत्यांवर काहीच हलले नसेल तर पावडर बंद करून कडबा वाढवा.