कीलला जाणाऱ्यांसाठीचे मराठी मार्गदर्शन-पत्रक : एक अभिप्राय

आमच्या तालुक्याच्या गावातील एक प्रवासी कार्यालय विमानाच्या तिकिटासोबत, थोडे जादा शुल्क घेऊन, पुढच्या वाटेची माहिती देणारे मराठी पत्रक तयार करून देते. जर्मनीतील कील येथे शिकणाऱ्या मुलीकडे ‘कीलर वोखे’ या उत्सवाच्या दिवसांत जायचे असल्याने आम्ही उभयतांनी ते घेतले. जूनच्या अखेरच्या पूर्ण आठवड्याशी जोडलेला हा नौकाशर्यतींचा उत्सव 1882 पासून चालत आला आहे आणि त्या दिवसांत गाड्या भरभरून जातात, त्यामुळे वाटेची नेमकी माहिती हाताशी असणे आवश्यक ठरते.

हॅम्बुर्गपर्यंतचा भाग चोख आहे. विमानतळावरून ‘एस 1’ ही लोकल सुमारे पंचवीस मिनिटांत मुख्य स्थानकात पोहोचवते, हे त्यात ठळक अक्षरांत आहे; परतताना मात्र ओल्सडॉर्फला हीच गाडी विभागली जाते आणि पुढचे तीन डबेच विमानतळाकडे जातात, हेही नमूद केले आहे.

एवढी दक्षता दाखवणाऱ्या कार्यालयाने त्यापुढचा शंभरेक किलोमीटरचा टप्पा ‘तेथून रेल्वेने कील’ अशा एका ओळीत उरकावा, हे अनाकलनीय आहे. ‘आरई 7’ ही प्रादेशिक गाडी वाटेतल्या नॉयम्युन्स्टर स्थानकात दुभंगते. एक भाग कीलला जातो, दुसरा डेन्मार्कच्या सीमेलगतच्या फ्लेन्सबुर्गला. बल्लारशाहचे डबे वर्ध्याला सेवाग्राम एक्स्प्रेसला जोडलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही, पण ते आधी कळायला हवे. आमच्या डब्यातील पाटीवर फ्लेन्सबुर्ग झळकत होते; एका आजीबाईंनी आमचे तिकीट पाहून बोटाने दुसरीकडे खुणावले, तेव्हा बॅगा आणि लोणच्याची बरणी सावरत आम्हाला फलाटावरून दुसऱ्या भागाकडे धावावे लागले. ‘आरई 70’ थेट कीललाच जाते. शक्य असेल तर तीच धरावी.

तिकिटाबाबतही पत्रक अपुरे आहे. पाच जणांपर्यंत एकत्र चालणारे श्लेस्विग-होल्स्टाइन दिवसतिकीट प्रादेशिक गाड्यांत आणि हॅम्बुर्गच्या लोकलमध्येही चालते, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच. याचा उल्लेखच नाही. उलट ‘अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे’ असा सल्ला दिला आहे. तेथे जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा ही सूचना बहुधा दुसऱ्याच कुठल्या पत्रकातून उचललेली असावी.

कीलचे स्थानक बंदराला लागूनच आहे आणि तेथून खाडीकाठच्या जत्रेपर्यंत पायी जाता येते. शर्यती पाहायच्या असल्यास मात्र बसने शहराच्या उत्तर टोकाला शिल्कजे येथे जावे लागते. 1972 च्या ऑलिंपिकमधील नौकास्पर्धा तेथेच झाल्या होत्या. पत्रकात या दोन्ही जागा एकच समजल्या आहेत.

इंग्रजीशी फारसा परिचय नसलेल्या पालकांना मराठी पत्रकाचा आधार वाटतो, म्हणून आकारलेले शुल्क मला जास्त वाटत नाही. मात्र पैसे देण्यापूर्वी ‘आरई 70’ च्या वेळा आणि दिवसतिकिटाचा नियम त्यावर लिहून मागावा.