एकच इमारत, दोन वह्या: रीट निवडताना काय ताडून पाहावं

दोन रीटचे वार्षिक अहवाल शेजारी ठेवायचे, निव्वळ नफ्याची ओळ शोधायची आणि मोठा आकडा दिसेल तो उचलायचा, असं करणाऱ्याची फसगत ठरलेली. रीट म्हणजे लोकांचा पैसा एकत्र करून भाड्याच्या इमारती बाळगणारी संस्था, आणि तिचा धंदा खरं तर सरळ आहे. भाडं येतं, खर्च आणि व्याज जातं, उरलेलं युनिटधारकांना किंवा भागधारकांना वाटलं जातं. पण हाच धंदा कुठल्या वहीत, म्हणजे कुठल्या लेखापद्धतीने, लिहिला आहे, त्यावर नफा तिप्पट दिसतो किंवा चक्क तोटा दिसतो. त्यातही ही वही आणि रीटची रचना एकमेकींत अडकलेल्या असतात. ती अडकण कुठे आहे हे कळलं की निवड बरीच सोपी होते.

तुलनेसाठी दोन नमुने घेऊ. पहिला अमेरिकी धाटणीचा: कंपनीच्या रूपातला, व्यवस्थापक पगारावर ठेवणारा, मालमत्ता खरेदी किमतीला धरून दरवर्षी घसारा लावणारा. दुसरा सिंगापूरमध्ये रुळलेला: विश्वस्त निधीच्या रूपातला, कारभार बाहेरच्या व्यवस्थापन कंपनीकडे, आणि मालमत्तेचं दरवर्षी नव्याने मूल्यांकन. या दोन टोकांच्या मध्ये मिश्रणं पुष्कळ आहेत. ब्रिटनमधले बरेच मोठे रीट कंपनीच्या रूपात आहेत, स्वतःच कारभार पाहतात आणि तरी रास्त मूल्याची, म्हणजे मालमत्ता चालू बाजारभावाने मांडणारी, वही ठेवतात. त्यामुळे खालचे मुद्दे सुटे सुटे लावून पाहावेत.

वहीचा फरक, एका इमारतीवर

चलन कुठलंही धरा. इमारत १०० कोटींना घेतली, त्यात जमीन २० आणि बांधकाम ८०. बांधकामाचं आयुष्य ४० वर्षं धरलं, म्हणजे वर्षाला २ कोटी घसारा. जमिनीला घसारा नसतो. कर्ज ४० कोटी, व्याज ५ टक्के. पहिल्या वर्षी बाजारभाव १०५ झाला, दुसऱ्या वर्षी ९८ वर उतरला. भाडेकरू तेच, भाडंही तेच.

| कोटींत | घसाऱ्याची वही | रास्त मूल्याची वही |
|---|---|---|
| खर्च जाऊन भाडं, दर वर्षी | ७ | ७ |
| व्याज, दर वर्षी | २ | २ |
| घसारा, दर वर्षी | २ | नाही |
| पहिल्या वर्षीची मूल्यवाढ | नोंद नाही | ५ |
| पहिल्या वर्षीचा नफा | ३ | १० |
| दुसऱ्या वर्षीची मूल्यघट | नोंद नाही | ७ |
| दुसऱ्या वर्षीचा निकाल | ३ नफा | २ तोटा |
| दोन वर्षांनी पुस्तकी मूल्य | ९६ | ९८ |
| हातात आलेली रोकड, दर वर्षी | ५ | ५ |

भाडं, व्याज आणि शेवटची ओळ सोडली तर दोन वेगळ्या रीटबद्दल वाचतो आहोत असं वाटेल. अमेरिकी लेखापद्धतीत पहिल्या वहीला पर्याय नाही. आंतरराष्ट्रीय मानक आयएएस ४० दोन्हींची मुभा देतं, पण खरेदी किमतीची वही निवडली तरी रास्त मूल्य टिपांत सांगावंच लागतं. भारतीय मानकाने मधला मार्ग धरला आहे: वही खरेदी किमतीचीच, रास्त मूल्य टिपांत. अमेरिकी रीटच्या ताळेबंदात मात्र इमारतीची आजची किंमत शोधूनही सापडत नाही. भाड्याच्या निव्वळ उत्पन्नाला बाजारातल्या परताव्याच्या दराने भागून ती आपणच काढायची.

दोन्ही वह्या ५ वर आणणारे सोपान तयार आहेत. अमेरिकेत नॅरीट या संघटनेने १९९१ मध्ये एफएफओ हे माप ठरवलं: निव्वळ नफ्यात इमारतींचा घसारा परत मिळवायचा आणि मालमत्ता विक्रीतला नफा काढून टाकायचा. ३ अधिक २, झाले ५. युरोपात ईपीआरए या तिथल्या स्थावर मालमत्ता कंपन्यांच्या संघटनेचं माप उलट बाजूने येतं: मूल्यवाढ काढून टाका, १० वजा ५. म्हणजे वेगळ्या वह्यांचे दोन रीट ताडायचे असतील तर एकाचं एफएफओ आणि दुसऱ्याची ईपीआरए मिळकत समोरासमोर ठेवा. निव्वळ नफा समोरासमोर ठेवण्यात काही हशील नाही.

पण ५ हा आकडाही पूर्ण खरा नाही. छप्पर बदलणं, लिफ्ट नवी बसवणं, नव्या भाडेकरूसाठी आतली बांधणी करून देणं, हे खर्च दोन्ही वह्यांत मालमत्तेच्या किमतीत जिरतात. रोकड जाते, पण एफएफओला ओरखडा उठत नाही. हे वजा करून मिळणाऱ्या एएफएफओ या मापाची एकच सर्वमान्य व्याख्या नसल्याने प्रत्येक रीट आपल्या सोयीने गणित मांडतो. जुन्या कार्यालयीन इमारती बाळगणाऱ्या रीटमध्ये हा फरक मोठा असतो. तिथे एएफएफओच्या तक्त्यात कुठले खर्च वगळले आहेत ते ओळीओळीने वाचावं.

भाड्याच्या नोंदीतली मेख

भाडं तरी निखळ रोकड असेल, असा समज असतो. समजा, पाच वर्षांचा करार, भाडं अनुक्रमे ८, ९, १०, ११, १२. दोन्ही पद्धतींत ते सरासरीने, म्हणजे दर वर्षी १० असं नोंदतात. पहिल्या दोन वर्षांत १७ हातात आले, वहीत मात्र २०. वरचे ३ येणं म्हणून ताळेबंदात बसतात. भाडेकरू तिसऱ्या वर्षी गाशा गुंडाळून गेला, तर हे ३ पुसावे लागतात. एफएफओ ही फुगवटी काढत नाही. रास्त मूल्याच्या वहीत आणखी एक काळजी असते. हे येणं वेगळं दाखवलं, तर इमारतीच्या मूल्यांकनातून तेवढं वजा करावं लागतं, नाहीतर तेच भाडं दोनदा मोजलं जातं.

अमेरिकी वहीत एक खास गोष्ट जास्तीची आहे. भाडेकरूंसह इमारत विकत घेतली की किमतीची वाटणी करतात: जमीन, बांधकाम, चालू करार आणि बाजारापेक्षा जास्त किंवा कमी भाड्याचे करार. बाजारभाव १० असताना जुना करार ८ चा असेल, तर तो फरक देणं म्हणून नोंदला जातो आणि कराराच्या उरलेल्या मुदतीत हळूहळू भाड्यात मिसळला जातो. हातात ८ येतात, वहीत १० च्या आसपास दिसतात. झपाट्याने खरेदी करत सुटलेल्या रीटची भाडेवाढ मला म्हणूनच नेहमी संशयास्पद वाटते. आधी ही मिसळ बाजूला काढायची, मग वाढ बघायची.

रास्त मूल्याच्या वहीत खरेदी करणारा रीट उलट कारणाने वाईट दिसतो. नोंदणी, मुद्रांक, सल्लागार यांचा खर्च सुरुवातीला किमतीत धरतात, पण पहिल्याच मूल्यांकनात तो गळून पडतो आणि तोटा म्हणून उमटतो. घसाऱ्याच्या वहीत २०१७ च्या नियमबदलानंतर बहुतेक इमारत-खरेद्यांचा हा खर्च किमतीतच मुरतो आणि वर्षानुवर्षं थोडाथोडा झिजतो.

बाजार पडला की

रास्त मूल्याची वही पडझड त्याच वर्षी दाखवते. घसाऱ्याची वही दाखवतेच असं नाही. अमेरिकी नियमात आधी एक चाचणी असते: इमारत जितकी वर्षं ठेवण्याचा बेत आहे, तितक्या वर्षांची अपेक्षित रोकड, तीही पुढच्या रकमेची आजची किंमत कमी न धरता, पुस्तकी किमतीपेक्षा जास्त आहे का? जास्त असेल तर नोंद शून्य. मुदत लांब धरली की बेरीज आपोआप मोठी होते. मग एके दिवशी व्यवस्थापन बेत बदलतं, दोन वर्षांत विकू म्हणतं, आणि तीच इमारत त्याच तिमाहीत चाचणीत नापास होते. बाहेरच्या माणसाला वाटतं संकट आत्ता आलं. ते आधीच आलं होतं, वहीत आत्ता उतरलं. वापरात असलेल्या मालमत्तेवर एकदा घटवलेली ही किंमत पुढे बाजार सुधारला तरी वर नेता येत नाही. आंतरराष्ट्रीय मानकात नेता येते.

कर्जाचं प्रमाणही वहीप्रमाणे बदलतं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षअखेर ४० कोटींचं कर्ज एका वहीत ४०.८ टक्के, दुसरीत ३८.१ टक्के. अमेरिकेत कर्जावर कायद्याची मर्यादा नाही, जो काही लगाम आहे तो कर्ज देणाऱ्यांशी आणि रोखेधारकांशी केलेल्या करारांचा. सिंगापूरमध्ये नियामकाने मालमत्तेच्या ५० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. नव्याने एक पैसाही उसना न घेता, केवळ मूल्यांकन उतरल्यामुळे रीट त्या रेषेजवळ सरकू शकतो. मग मालमत्ता विका किंवा नवे युनिट काढा, आणि दोन्ही गोष्टी नेमक्या पडत्या भावात.

आता रचना, आणि ती अडकण

अमेरिकेत १९६० साली रीटचा कायदा झाला, तेव्हा रीटने निष्क्रिय राहून इमारती चालवण्यासाठी बाहेरचे ठेकेदार नेमायचे अशी कल्पना होती. १९८६ च्या करसुधारणेने स्वतः कारभार पाहायची वाट मोकळी केली. आजच्या कसोट्या अशा: किमान १०० भागधारक, ७५ टक्के मालमत्ता स्थावर स्वरूपाची, ७५ टक्के उत्पन्न तिच्यातून, आणि करपात्र उत्पन्नाचं किमान ९० टक्के वाटप. इथे ‘करपात्र’ शब्द महत्त्वाचा. वाटपाचा आकडा करहिशेबातून येतो, वार्षिक अहवालातल्या नफ्यातून नाही. लाभांश नफ्यापेक्षा जास्त दिसला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. एफएफओपेक्षा जास्त असेल तर मात्र घाबरावं.

१९९२ मध्ये टॉबमन सेंटर्सने अपरीट नावाची रचना आणली. रीट स्वतः इमारती धरत नाही, त्याच्या खालची भागीदारी संस्था धरते. इमारतीचा मालक इमारत या भागीदारीत देतो आणि बदल्यात भागीदारीचे युनिट घेतो, त्यामुळे त्याचा भांडवली नफ्यावरचा कर पुढे ढकलला जातो. ठरावीक मुदतीनंतर ते युनिट रोख रकमेत किंवा शेअरमध्ये बदलता येतात. ताळेबंदात हे युनिट अल्पसंख्य हिस्सा म्हणून बसतात. वाचणाऱ्याच्या दोन चुका इथे होतात. एक, प्रतिशेअर मूल्य काढताना हे युनिट भाजकात धरायचं राहून जातं आणि मूल्य फुगतं. दुसरी जरा खोल आहे. इमारत देणाऱ्याचा कर ती विकली की उभा राहतो, म्हणून ‘अमुक वर्षं विकणार नाही’ असे करार केलेले असतात. देणारे बऱ्याचदा संचालक मंडळावरही असतात. कुठली इमारत विकणं योग्य, यावर त्यांचं आणि तुमचं हित एकच असेल याची खात्री नाही.

दुसऱ्या नमुन्यात हितसंबंध जास्त उघडे आहेत, आणि माझ्या मते जास्त महागही. बाहेरच्या व्यवस्थापनाचं मूळ शुल्क बहुधा मालमत्तेच्या मूल्यावर टक्क्याने ठरतं. आता वरचा तक्ता आठवा. शुल्क अर्धा टक्का असेल, तर मूल्यांकन १०० वरून १०५ झालं की ५० लाखांचे साडेबावन्न लाख होतात. भाडं एका पैशानेही वाढलेलं नसतं. वही रास्त मूल्याची, शुल्क मूल्यावर, आणि मूल्यांकनकाराची नेमणूक करणारी तीच व्यवस्था: या तीन गोष्टी एकत्र आल्या की सावध व्हावं. सिंगापूरच्या नियमांत एकच मूल्यांकनकार सलग दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, तो याच रोगावरचा उतारा. पण मोठी, कमी परताव्याची मालमत्ता विकत घेऊन आकार वाढवण्याचा मोह त्याने जात नाही.

त्यात आणखी एक खुबी. शुल्क रोख न घेता नव्या युनिटांत घेतलं तर रोकड वाचते आणि ती वाटपात मिळवली जाते. यंदाचं वाटप गोंडस दिसतं, युनिटांची संख्या मात्र दरवर्षी वाढत जाते. प्रतियुनिट वाटपाची पाच वर्षांची रांग लावली की हे लगेच उघडं पडतं.

कर्जरोखे धरणारे मॉर्टगेज रीट या सगळ्यातून वगळले आहेत. त्यांचा धंदा भाड्याचा नसून व्याजाच्या फरकाचा आहे.

माझा कौल

दोन्ही रीट सारख्याच दर्जाच्या इमारतींचे असतील तर मी स्वव्यवस्थापित रीट घेईन, वही कुठलीही असो. घसाऱ्याची वही ठोकळ आहे, पण तिची चूक मला सुधारता येते. मूल्यावर बेतलेलं शुल्क मला सुधारता येत नाही. स्वव्यवस्थापन आणि रास्त मूल्य दोन्ही एकत्र मिळालं तर सर्वांत उत्तम, कारण पडझड वेळेवर दिसते आणि ती लपवण्यात व्यवस्थापकाचा खिसा गुंतलेला नसतो. बाहेरचं व्यवस्थापन असलेला रीट मी अगदीच बाद करणार नाही, फक्त शुल्क प्रतियुनिट वाटपाच्या वाढीशी जोडलेलं हवं. नियमित उत्पन्नासाठीच गुंतवणूक करणाऱ्याला वर्षावर्षाची मूल्यांकनाची चढउतार सोसवत नसेल, तर त्याला घसाऱ्याच्या वहीचा संथ आकडा बरा वाटेल. तो संथपणा इमारतींचा नाही, वहीचा आहे, एवढं लक्षात ठेवून घ्यावा. अहवाल हातात आल्यावर मी आधी संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप उघडतो, शुल्क कशावर मोजलं आहे ते पाहतो, आणि नफ्याच्या पानावर सगळ्यात शेवटी जातो.