शनिवार-रविवार सोडून : १,२१,९९८ रुपयांची हॉलिडे मेंबरशिप

बेळगावात हॉलिडे मेंबरशिप विकणाऱ्यांचे तेच फोन पुन्हा सुरू झालेत म्हणून लिहायला बसले. ही मेंबरशिप म्हणजे एकदाच मोठी रक्कम भरायची आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या हॉटेलांत राहायला जायचं, असं ते सांगतात. परवा शेजारच्या सुनेला आला, काल आमच्या ऑफिसातल्या मुलीला. "पेट्रोल पंपावर भरलेलं तुमचं कूपन लागलंय मॅडम, गोव्यात तीन दिवस दोन रात्री फ्री. फक्त नवरा-बायको दोघांनी मिळून गिफ्ट न्यायला यायचं." हे 'दोघांनी मिळून' ऐकलं की फोन ठेवून द्या. एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणत उठू शकतो. दोघं समोर बसली की ती वाट बंद होते, म्हणून जोडपं लागतं त्यांना.

आम्हीही असेच गेलो होतो. पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं. हॉटेलचा एसी हॉल, कानठळ्या बसवणारी गाणी, टाय लावलेली पोरं, कुणी सही केली की टाळ्या. त्यावर जास्त लिहीत नाही. "एवढं शिकलेली माणसं आणि कशी फसली" असं म्हणणाऱ्यांना मात्र सांगायचंय. मी अकाउंट्सचं काम करते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला लोकांची जीएसटीची रिटर्न्स भरते. हे उद्यमबागेत वर्कशॉपमध्ये आहेत, मायक्रॉनचा हिशेब ठेवणारा माणूस. त्या रात्री आमच्या बाजूच्या टेबलावर एक डॉक्टर जोडपं होतं, तेही सही करून गेलं. तेव्हा अडाणी-शहाण्याचा प्रश्नच नाही. दुखरी जागा कुठे आहे ते त्यांना शोधता येतं, एवढंच.

आमची दुखरी जागा होती रविवार. ह्यांना सुट्टी एकच, आणि त्यातही दुपारपर्यंत फोन चालूच. आमचं फिरणं म्हणजे डबा बांधून राकसकोप, नाहीतर राजहंसगड, पावसाळ्यात फार तर आंबोली, आणि दिवे लागायच्या आत घरी. रात्रीचा मुक्काम, दोघांनीच दोन दिवस कुठंतरी राहणं, हे लेक झाल्यापासून विसरलोच होतो. शिवाय मे महिन्यात सासूबाई, निपाणीची नणंद, तिची मुलं असं सगळ्यांनी एकदा समुद्रावर जायचं, हे दरवर्षी ठरायचं आणि मेमधले गोव्याचे रेट बघून बारगळायचं. हे सगळं आमच्या टेबलावरच्या पोरानं पहिल्या वीस मिनिटांत 'सर्व्हे फॉर्म' म्हणून आमच्याच तोंडून काढून घेतलं. सुट्टी कधी असते, घरात माणसं किती, क्रेडिट कार्ड कुठलं, लिमिट किती. आणि मग आमचंच आम्हाला विकलं.

"वर्षाला फिरण्यावर किती जातात, सर?" ह्यांनी ४०,००० सांगितले. निम्मेसुद्धा जात नाहीत, पण बायकोसमोर कमी कोण सांगतो? त्यानं ते वीस वर्षांवर पसरले, दरवर्षी महागाई चढवली आणि आकडा १४ लाखांच्या वर नेऊन ठेवला. त्याच्या शेजारी मेंबरशिपचे ३,२०,००० लिहिले की ते स्वस्तच दिसणार! मग 'बेळगाव फॅमिली ऑफर' म्हणून १,६५,०००. मग मॅनेजर आले, खुर्ची ओढून बसले, "वहिनी, आज आत्ता घेत असाल तर १,१८,०००." तुम्हाला म्हणून सांगते, 'आज आत्ता' म्हटलं की उद्या यायचं. उद्या ती किंमतही नसते आणि बहुतेक वेळा ती माणसंही नसतात.

आता तो कागद. हा प्रसंग आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो.

बोलताना तो पोरगा एका कोऱ्या पानावर निळ्या बॉलपेननं लिहीत होता. आम्हाला सरळ वाचता यावं म्हणून त्याच्या बाजूनं उलटं लिहायचा, आणि ते इतक्या सफाईनं की लेक बघतच राहिली. शनिवार-रविवार, पुढं ओके. मे महिना, ओके. सहा माणसं, ओके. वार्षिक मेंटेनन्स, निल. प्रत्येक ओकेभोवती गोल. मी विचारलं, "दिवाळीत मिळेल?" त्यानं 'दिवाळी' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. "मॅडम, तोंडी काही सांगतच नाही मी. लिहून देतोय तुमच्यासमोर." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "घेऊया की," म्हणाले. कार्डं दिली. १८,००० डेबिट कार्डावरून आणि १,००,००० ह्यांच्या क्रेडिट कार्डावरून. मग कॉफी आली, मग चौदा पानांचा करार आला, सह्या झाल्या. पेन, कॅल्क्युलेटर, स्वाइप मशीन गोळा करता करता त्यानं तो कागद चार घड्या घालून शर्टाच्या खिशात टाकला.

मी बघितलं. मी म्हटलंसुद्धा, "तो कागद आमच्याकडे राहू दे." तो हसला. "रफ आहे ओ मॅडम तो. तुम्हाला तर सगळं प्रिंटेड मिळालंय."

तिथंच सगळं कळायला हवं होतं. 'लिहून देतोय' म्हणणारा लिहिलेलं घेऊन चाललाय, यापेक्षा उघड खूण दुसरी काय असते? पण रात्रीचे दहा वाजलेले, लेक मांडीवर झोपलेली, कार्डं आधीच घासून झालेली. सह्या झाल्यावर कागदावरून तंडायचं म्हणजे आपण भांडकुदळ ठरतो, ही लाज आपल्याला असते आणि त्यांना ती पक्की ठाऊक असते. तुम्ही कुठं अशा टेबलावर बसलात, तर पैशाचं बोलणं निघण्याआधी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढा. काढू देत नसतील तर उठा. जेवण राहिलं तरी चालतंय. ते जेवण म्हणजे कोमट पनीर आणि एक गुलाबजाम होता.

दुसरी खूण घरी आल्यावर दिसली. हॉलमधल्या बोर्डावर एक नाव, करारावर त्याच्यासारखंच पण वेगळं नाव, आणि कार्डाच्या स्लिपवर तिसरंच. मी दिवसभर लोकांची बिलं जुळवते आणि माझ्याच पर्समधली तीन नावं जुळत नव्हती.

कराराच्या आत होतं ते असं. शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्या 'ब्लॅकआउट', म्हणजे त्या दिवशी बुकिंग नाहीच. १५ एप्रिल ते १० जून ब्लॅकआउट. दिवाळी, नाताळ, ब्लॅकआउट. बाकीच्या दिवशी बुकिंग ६० दिवस आधी आणि तेही 'उपलब्धतेनुसार'. माणसं दोन मोठी आणि सहा वर्षांखालची दोन मुलं. वार्षिक मेंटेनन्स ८,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,०३०, गेलात तरी आणि नाही गेलात तरी. म्हणजे रविवारची सुट्टी असलेल्या माणसाला त्यांनी सोमवार ते शुक्रवार विकला होता. बारीक अक्षरातल्या अटींचं गाऱ्हाणं सगळेच गातात, माझं ते नाही. आम्हाला काय हवंय हे फॉर्मवर लिहून घेऊन नेमकं तेवढंच वगळून विकलं, हा माझा राग आहे.

फुकटच्या गोव्याचं म्हणाल तर 'टॅक्स आणि युटिलिटी' म्हणून ३,९९८ यूपीआयनं भरले. ज्या तारखा मागितल्या त्या फुल्ल, मग व्हाउचरची मुदत संपली. मेमध्ये नणंदेनं रजा टाकलेली, मुलांच्या बॅगा भरलेल्या. शेवटी चोर्ला घाटातून गेलो आणि खिशातून खोल्या घेतल्या. तीन रात्रींचे १६,८०० झाले. नणंदेचे यजमान अजून आम्हाला बघितलं की म्हणतात, "या, मेंबर लोक या!" सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

पैसे परत मागितले. 'नॉन-रिफंडेबल' अशी एका ओळीची मेल आली. करारावरचा पत्ता कोल्हापूरचा. तिथं जाऊन आलो तर शटर खाली आणि खालचा पानवाला म्हणे, "तुम्ही पहिले नाही."

मग पोलीस. इथल्या ठाण्यात पहिला प्रश्न, "पिन कुणी दाबला?" आम्हीच दाबला. "मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे." हट्टच धरला तेव्हा, "बरं, कन्नडदल्ली बरदु कोडरी." ह्यांना कन्नड बोलायला फर्मास येतंय, पण तक्रार लिहिण्याइतकं नाही. बाहेर टायपिंगवाल्याकडून ६०० रुपयांना तीन पानं करून आणली. ती वाचून झाल्यावर साहेबांचं बोट पत्त्यावर थांबलं. कंपनी महाराष्ट्रातली, तिकडे जावा. तिकडे गेलो. सीमेपलीकडचे साहेब म्हणाले, पैसे बेळगावात दिले, हॉटेल बेळगावात, तुम्ही बेळगावचे, आमच्याकडे काय काम? १९५६ पासून आम्ही कुणाचे यावर दोन राज्यं भांडतायत. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. आणि तीन पानांची तक्रार घेऊन उभं राहिलं तर आम्ही कुणालाच नको.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) असेल तर ठाण्यात माहिती नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठिकाणी पाठवायची. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. मी त्याची प्रिंट काढून परत बेळगावच्या ठाण्यात नेली. साहेबांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "करेक्ट आहे. पण मोठे साहेब बंदोबस्ताला आहेत." नोव्हेंबरात कर्नाटक राज्योत्सवाचा बंदोबस्त, डिसेंबरात इथं भरणाऱ्या विधानसभा अधिवेशनाचा. बेळगावकरानं फसायचं तर जानेवारीत फसावं. आणि त्या सगळ्यात तिथला एक पोरगेला शिपाई आम्हाला विचारतो, "पण खोल्या तरी चांगल्या होत्या काय ओ?"

बँकेचं तर विचारूच नका. कार्डावरच्या लाखाचा ईएमआय त्या पोरानंच टेबलावर बसून करून दिला होता, दरमहा ९,०२६, बारा महिने. नुसतं व्याज ८,३१२, त्यावर जीएसटी वेगळा. सेवाच मिळाली नाही, व्यवहार वादात घ्या, असं म्हटलं तर फोनवरची मुलगी म्हणे ईएमआयमध्ये बदललेला व्यवहार वादात घेता येत नाही. शाखेत गेलं की ते पुन्हा त्याच फोनचा नंबर देतात. फोनवर वेळ घालवू नका. पहिल्याच दिवशी मेलनं लेखी तक्रार करा आणि तिचा नंबर जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. लिंक किंवा यूपीआयनं पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, त्याच तासात फोन लावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. तिथून तक्रार कंपनीकडे जाते. आमच्या कंपनीनं 'अटींनुसार' एवढाच शब्द परत पाठवला, पण तो लेखी आहे आणि पुढं कामाला आला.

पुढं म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. ही गोष्ट आधीच कुणी सांगितली असती तर ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या नसत्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे आपण जिथं राहतो तिथंच दावा लावता येतो. 'फक्त अमुक शहरातलं कोर्ट' अशी करारातली ओळ दाखवून कुणी घाबरवलं तर ऐकू नका. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही. वकील हवाच असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती रागावण्यात घालवू नका. आमचा दावा लागलाय. कागद काय काय जोडले ते कुणाला हवं असेल तर सांगेन.

आणि आता नवीन तऱ्हा. मागच्या आठवड्यात एकाचा फोन, गोड मराठीत. "मॅडम, तुमची मेंबरशिप आम्ही दुसऱ्याला विकून देतो, पूर्ण रक्कम परत. फक्त एनओसीचे ८,००० आणि जीएसटी, ९,४४० भरा." माझा मेंबरशिप नंबर, सहीची तारीख, ह्यांच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे, सगळं त्याच्याकडे. म्हणजे एकदा कापलेल्यांची यादी पुढं विकली जातेय. ह्यांनी फोन घेतला असता तर भरले असते, हे मी त्यांच्यासमोरच लिहितेय. बुडालेलं परत मिळतंय म्हटलं की माणूस आणखी थोडं बुडवायला तयार होतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडून त्या हॉलमध्ये आणखी कितीतरी जोडपी आली होती. एकाच प्रकारचं गाऱ्हाणं असलेल्या अनेकांना आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते. ज्यांच्या कार्डाच्या स्लिपवर बोर्डापेक्षा वेगळं नाव आहे, त्यांनी ती स्लिप आजच झेरॉक्स करून ठेवा. त्या कागदावरची शाई उडते. आमच्या १८,००० च्या स्लिपवर आता नुसती रक्कम वाचता येते, नाव गेलंय.