सिगारवरची पांढरी पूड: प्लूम की बुरशी? कार्सन मायक्रोब्राइट प्लस या कामाला कितपत उपयोगी

मुरवत ठेवलेल्या सिगारवर पांढरट थर दिसला की तो प्लूमच आहे असं मानायची घाई बरेच जण करतात. प्लूम म्हणजे पानातून बाहेर आलेल्या स्फटिकांची पूड, पान छान मुरल्याची खूण, आणि बुरशी म्हणजे साठवणीतली चूक, अशी समजूत असल्यावर कोणाला बुरशी हवी असेल? पण थर नेमका कशाचा आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ते पाहायला कार्सनचा मायक्रोब्राइट प्लस हा हातात मावणारा मायक्रोस्कोप कसा ठरतो, एवढाच या परीक्षणाचा विषय. तो ६० ते १२० पट मोठं दाखवतो, आतच एलईडी दिवा आहे आणि एका एए सेलवर चालतो. मत आधीच सांगतो: बुरशी आहे की नाही हे ठरवायला तो पुरेसा आहे, बुरशीची जात सांगायला नाही.

डोळे कमी का पडतात ते आधी पाहू. नुसत्या डोळ्यांना साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतचं वेगळं दिसतं, म्हणजे १०० मायक्रॉन. बुरशीचा तंतू २ ते १० मायक्रॉन जाडीचा. त्यामुळे तंतूंचं विरळ जाळं आणि बारीक स्फटिकांची पूड, दोन्ही लांबून सारखीच पांढरी धूळ वाटतात. थरालाच हिरवा, निळसर किंवा काळा रंग दिसला तर प्रश्नच मिटला, ती बुरशी. गोंधळ पांढऱ्या आणि राखाडी थराचाच असतो.

सगळीकडे सांगितली जाणारी ब्रशची चाचणी इथे फसवते. मऊ ब्रशने पूड निघाली आणि डाग राहिला नाही तर प्लूम, असं म्हणतात. रॅपरच्या, म्हणजे सिगारच्या सगळ्यात बाहेरच्या पानाच्या, पृष्ठभागावर नुकतीच धरलेली बुरशीही तशीच निघते, डाग न ठेवता. शिवाय ब्रश फिरवला की बीजाणू शेजारच्या सिगारवर उडतात. कोंदट वास आला तर बुरशीची शंका पक्की धरावी, पण वास आला नाही म्हणून सिगार निर्दोष ठरत नाही. थर सगळीकडे सारखा पसरलाय की ठिपक्याठिपक्यांनी आलाय हे पाहायला हरकत नाही, मात्र जुनी बुरशीही पसरत पसरत एकसारखी दिसू लागते.

६० पटीवर ५ मायक्रॉनचा तंतू ०.३ मिलिमीटरचा भासतो, म्हणजे सहज दिसतो. बुरशी असेल तर काचेसारखे पारदर्शक, फांद्या फुटलेले, एकमेकांत गुंतलेले धागे दिसतात. ॲस्परजिलस या प्रकारची बुरशी असेल तर धाग्यांवर उभे देठ आणि त्यांच्या टोकाला गोल बोंड दिसतं. अशी बोंडं दिसली की पुढे काही तपासायची गरज नाही. सुटा बीजाणू मात्र ३ ते ५ मायक्रॉनचा असतो. १२० पटीवरही तो फक्त ठिपका दिसतो, त्याचा आकार कळत नाही. पेनिसिलियम या दुसऱ्या बुरशीचे झाडूसारखे शेंडेही या यंत्रात स्पष्ट होत नाहीत. तेवढं पाहायचं असेल तर ४०० पटीचा, खालून प्रकाश देणारा मायक्रोस्कोप लागतो.

स्फटिक वेगळेच दिसतात. त्यांना सपाट बाजू आणि धारदार कडा असतात, सिगार थोडी फिरवली की एकेक बाजू चमकून विझते, आणि एका कणातून दुसऱ्याकडे जाणारा धागा नसतो. कडा दिसत नसतील, नुसते धूसर गोलसर पुंजके असतील, तर त्याला प्लूम म्हणू नये. प्लूम म्हणून मिरवलेल्या नमुन्यांत तपासणीअंती बहुतेकदा बुरशीच निघते. म्हणून पुरावा स्फटिकांच्या बाजूने मागावा, संशय बुरशीच्या बाजूने ठेवावा.

स्फटिक दिसले तरी लगेच खूश होऊ नका. ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगारसाठी ओलावा राखणाऱ्या पेटीत, नळाचं पाणी वापरलं असेल आणि त्याचे थेंब सिगारवर पडले असतील, तर वाळल्यावर क्षारांचा थर उरतो. मिठाच्या द्रावणाचं ओलावा-पाकीट गळलं तरीही तसंच होतं. दोन्हींची खूण जागा. क्षार थेंबाच्या कडेने वर्तुळात किंवा ओघळाच्या वाटेवर जमतात.

नवख्यांना सगळ्यात जास्त फसवतात ती तंबाखूच्या पानाची स्वतःची लव आणि कापडाचे तंतू. पानावरचे केस आखूड असतात, बुडाशी पानाला चिकटलेले असतात, बहुधा फांद्या नसलेले असतात आणि त्यांचं जाळं होत नाही. कॅमेरून या प्रकारच्या रॅपरवर बारीक फुगवट्या असतात, त्या पानाच्याच रचनेतल्या. कापडाचा किंवा कापसाचा तंतू बुरशीपेक्षा बराच जाड, पिळदार आणि अनेकदा रंगीत असतो. म्हणून सिगार कापडाने पुसण्याआधीच पाहावी, नंतर नाही. कॅपवरचा (सिगारच्या ओढायच्या बंद टोकावरचा) चकचकीत भाग म्हणजे पान चिकटवायचा डिंक, आणि पानावरचे फिकट हिरवट ठिपके सपाट असतील तर ते उन्हापाण्याचे डाग.

आता यंत्र वापरताना काय जड जातं ते. पारदर्शक बुड वस्तूवर टेकवून पाहायचं, अशी याची रचना. पण सिगार गोल असते, बुड डळमळतं आणि १२० पटीला हाताची थरथर पुरती जाणवते. दोन पेन्सिलींच्या मधल्या खाचेत सिगार ठेवली तर ती हलत नाही. सुरुवात ६० पटीने करावी. झूम बदलला की फोकस पुन्हा जुळवावा लागतो, त्यामुळे संशयाची जागा सापडेपर्यंत झूमला हात लावू नये. वाळलेल्या रॅपरवर बुड जोरात टेकवलं तर पान तडकतं, हेही ध्यानात ठेवा.

आतला एलईडी जवळून प्रकाश टाकतो आणि चकचकीत, तेलकट रॅपरवर त्याची झगमग तंतू झाकून टाकते. तो बंद करून बाजूने, जवळजवळ आडव्या कोनात छोटी टॉर्च धरा. धाग्यांच्या सावल्या पडतात आणि न दिसणारं जाळं उठून येतं. या एका बदलाने जेवढा फरक पडतो, तेवढा ६० वरून १२० पटीला जाऊनही पडत नाही.

सिगारला यंत्र लावायचंच नसेल तर पारदर्शक चिकटपट्टीचा नमुना घ्या, मला हीच पद्धत जास्त पसंत आहे. पट्टीचा साधारण २ सेंटिमीटरचा तुकडा थरावर अलगद टेकवा, दाबू नका, सरळ वर उचला आणि काळ्या गुळगुळीत कार्डावर चिकटवा. सपाट पृष्ठभाग मिळाल्याने फोकस टिकतो आणि मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेला लावून फोटोही काढता येतो. पट्टीखाली अडकलेले हवेचे बुडबुडे गोल आणि गडद कडेचे दिसतात, त्यांना बीजाणू समजू नये. पट्टी रॅपरवर घासली तर धागे तुटतात आणि उरतात नुसते तुकडे, ज्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

पाहायच्या जागा तीन: रॅपर, बँडच्या (सिगारभोवतीच्या कागदी पट्टीच्या) खालची कडा आणि पेटवायचं टोक. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. त्या टोकाला आतल्या पानांत तंतू दिसले तर बुरशी आत शिरलेली आहे. ती सिगार टाकून द्यावी, पुसून वाचवायचा प्रयत्न करू नये. फक्त रॅपरवर असेल तर काही जण पुसून ओढतात. मी ते सुचवणार नाही, आणि दमा किंवा बुरशीची ॲलर्जी असलेल्यांनी तर मुळीच करू नये. तपासताना फुंकर मारू नका, पंखा बंद ठेवा, हातमोजे आणि मास्क घाला. निकाल संदिग्ध असेल तर ती सिगार वेगळ्या बंद पिशवीत ठेवा आणि आठवड्याभराने तीच जागा पुन्हा पाहा. स्फटिकांना फांद्या फुटत नाहीत. बुरशीला ओलावा मिळत राहिला तर फुटतात.

बुरशी सापडली तर दोष ओलाव्यात शोधा. बहुतेक बुरशींना ७५ ते ८० टक्क्यांच्या वर सापेक्ष आर्द्रता लागते, पण कोरड्यात तग धरणाऱ्या काही ॲस्परजिलस जाती ७० च्या आसपासही वाढतात. म्हणून ६२ ते ६७ टक्के आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस ही मर्यादा बरी. आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते नुसतं ओलसर होईल एवढंच पाणी घाला, झाकण आणि हायग्रोमीटर एका बंद पिशवीत ८ ते १२ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. मिठावर पाणी तरंगत असेल तर आकडा जास्त दाखवतो.

हा मायक्रोस्कोप कोणी घ्यावा? ज्याच्याकडे वर्षानुवर्षं मुरवलेल्या सिगार आहेत, किंवा जो जुन्या पेट्या विकत घेतो, त्याने घ्यावा. थोड्या सिगार आणून महिन्याभरात संपवणाऱ्याला तो लागणार नाही. वापरून झाल्यावर पारदर्शक बुड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर एका सिगारवरचे बीजाणू पुढच्या सिगारवर तुम्हीच नेऊन ठेवाल.