नाक थोडंसंच सरळ करायचं होतं, जळगावला फसले, तुम्ही फसू नका

हे लिहायला मला आठ महिने लागले कारण लाज वाटत होती. घरच्यांशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. पण परवा आमच्या ऑफिसातल्या पोरीने मोबाईलवर मी जिला फसले तीच जाहिरात दाखवली आणि विचारलं, ताई ही ऑफर खरी असेल का हो. तेव्हा म्हटलं आता लिहायचंच.

मी अमळनेरची, वय ३१, टॅक्स कन्सल्टंटकडे जीएसटीचं काम करते, म्हणजे दिवसभर पावत्या, बिलं, सह्या हेच बघते आणि तरी फसले. माझ्या नाकावर मधोमध हाडाचा उंचवटा आहे, समोरून कळत नाही, बाजूने दिसतो. वडिलांना आहे, आत्याला आहे, आमच्या घराचंच नाक ते. माहेरी लहानपणापासून ऐकत आले, "तुन्हं नाक तुन्हा बापवर गयं", आणि ते कौतुकाने म्हणायचे, पण कॉलेजात पोरं पोपट म्हणायची ते मनातून कधी गेलं नाही. मागच्या वर्षी चुलत बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ आला, त्यात मी बाजूने दिसते, मी तो अर्ध्यात बंद केला. मला हिरोईनचं नाक नको होतं. तो उंचवटा जरा कमी व्हावा, ओळखीच्या माणसाला कळूही नये, एवढंच. ह्यांना सांगितलं तर म्हणाले मला तर काही दिसत नाही, पण तुला रोज आरशात खुपत असेल तर नीट चौकशी करून कर. ती नीट चौकशीच राहून गेली.

इन्स्टाग्रामवर जाहिरात आली, विना ऑपरेशन विना टाके, अर्ध्या तासात नाक सरळ, मुंबईचे डॉक्टर दर रविवारी जळगावात. नाव-नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन. त्यानंतर रोज फोन, सकाळी गुड मॉर्निंगचा मेसेज, ताई कधी येताय, ताई स्लॉट संपत आलेत. शेवटी एका शनिवारी सकाळच्या गाडीने गेले. काचेचा दरवाजा, एसी, आल्या आल्या वेलचीचा चहा, भिंतीवर नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध असलेले प्राचीन वैद्य सुश्रुत यांचं मोठं चित्र. वाटलं चांगल्या ठिकाणी आलो.

आत डॉक्टर नव्हते, काउन्सेलर मॅडम होत्या. त्यांनी माझा बाजूने फोटो काढला, टॅबवर उघडला आणि बोटाने तो उंचवटा हळूच आत ढकलला. गेला. एका सेकंदात गेला. माझाच चेहरा, माझेच डोळे, फक्त नाक सरळ. खरं सांगते, माझ्या घशात आवंढा आला, कारण बारा-पंधरा वर्षं मी हेच मनात बघत होते. मी तिथेच फसले, सुई नंतर लागली. तो फोटो म्हणजे नुसतं चित्र असतं हो, मोबाईलमधल्या फिल्टरसारखं, त्याचा आपल्या हाडाशी काही संबंध नसतो, पण समोर दिसलं की माणूस विचारायचं विसरतो.

मग म्हणाल्या ९५ हजारांचं पॅकेज आज बुक केलं तर ६५ हजारात, उद्या रविवार आहे, सर येतायत, उद्याच करून टाकू. मी म्हटलं घरी विचारून सांगते तर म्हणाल्या मग ऑफर नाही राहणार ताई. दहा हजार यूपीआयने घेतले. उरलेल्या ५५ हजारांसाठी माझाच मोबाईल हातात घेऊन कसलंतरी ॲप टाकलं, आधार, पॅन, सेल्फी, दोन वेळा ओटीपी, आणि मला वाटलं हा हप्त्यांचा फॉर्म आहे. तो फॉर्म म्हणजे माझ्या नावावरचं कर्ज होतं आणि पैसे त्याच संध्याकाळी क्लिनिकला पोचलेसुद्धा. मी फक्त एकदा विचारलं, डॉक्टरांचं नाव काय, भेटता येईल का. उत्तर आलं, सर खूप सीनियर आहेत, ते डायरेक्ट प्रोसिजरलाच भेटतात. मी मान हलवली. आज पण ते आठवलं की रात्री झोप लागत नाही, कारण पैसे घेईपर्यंत सुई कोण टोचणार आहे हेच मला माहिती नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहा पानी इंग्रजी फॉर्मवर सह्या घेतल्या. तोंडाला मास्क लावलेला एक तरुण मुलगा आला, सगळे त्याला सर म्हणत होते, जाहिरातीतल्या फोटोतला माणूस तो नव्हता. क्रीम लावून नाक बधिर केलं. स्टीलच्या ट्रेमध्ये भरलेली सिरिंज आधीच ठेवलेली होती. बॉक्स नाही, लेबल नाही, माझ्यासमोर काहीच फोडलं नाही. वीस मिनिटांत झालं, आरसा दाखवला, सूज होती, म्हणाले पंधरा दिवसांत बसेल.

सूज उतरली पण नाक मोठं झालं. बाजूने रेघ सरळ दिसायची ते खरं, पण समोरून भुवयांच्या मधे जाड गोळा आणि नाक वरून रुंद. फोन केला की अजून थांबा, मग म्हणाले टॉप-अप घ्यावा लागेल १८ हजार, मग फोन उचलणंच बंद. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, दारातच आईने हनुवटी धरून चेहरा वर केला, "नाकले काय व्हयनं वं?" मी पडवीत बसून रडले. झोके बांधलेले होते, मी एकदा पण बसले नाही.

मग हे मला नाशिकला एका प्लास्टिक सर्जनकडे घेऊन गेले. त्यांनी अंगठ्याने नाक चाचपलं आणि सगळं समजावलं, जे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. माझा उंचवटा कोणी कमी केलाच नव्हता. त्याच्या वर आणि खाली फिलर, म्हणजे सुईने कातडीखाली भरायचा जेलसारखा पदार्थ, भरून रेघ सरळ केली होती, म्हणजे खड्डे भरून डोंगर लपवला, मग नाक मोठंच होणार ना. आणि ते बहुतेक वेळा कायमचं नसतं, काही महिन्यांनी विरतं, की परत पैसे. हाड खरंच कमी करायचं तर ऑपरेशनच लागतं, बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन, हाड आणि कूर्चा घासून, आठवडाभर नाकावर स्प्लिंट म्हणजे आधाराची कडक पट्टी, आणि बारीक सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला वर्ष लागू शकतं. अर्ध्या तासाचं काम ते नाहीच.

आणि जे ऐकून माझे हातपाय गार पडले ते हे की नाकातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडून मरू शकते, आणि क्वचित का होईना दृष्टी जाऊ शकते. चेहऱ्यावर फिलरसाठी सगळ्यात धोक्याच्या जागांत नाक येतं. आणि जळगावला सुई टोचताना मी मोबाईलवर गाणी ऐकत पडले होते.

त्यांनी विचारलं कोणतं फिलर आहे, बॉक्सचं स्टिकर कुठे आहे. माझ्याकडे काय होतं, ६५ हजारांची पावती, त्यावर वेलनेस पॅकेज एवढंच लिहिलेलं. हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते विरघळवायचं इंजेक्शन असतं, हायल्युरोनिडेज म्हणतात, पण दुसरंच काही भरलं असेल तर त्याने काही होत नाही. म्हणजे माझ्या नाकात काय आहे हे मलाच माहिती नव्हतं, आणि त्यांना पण प्रयत्न करूनच बघावं लागलं. दोन वेळा जावं लागलं. देवाच्या कृपेने बरंच विरघळलं, भुवयांच्या मधे बोट फिरवलं तर अजून एक वाटाण्याएवढी गाठ लागते.

सुश्रुतांच्या चित्राचं सांगितलं तर ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, कपाळाची कातडी वळवून कापलेलं नाक परत बनवायचं काम आपल्या पुण्यात झालेलं आहे, १७९४ साली लंडनच्या मासिकात ते चित्रासकट छापून आलं होतं आणि तिकडचे डॉक्टर त्यावरून शिकले. ती विद्या आपली, आणि आज तिचं चित्र भिंतीला लावून हे लोक धंदा करतात, याचं मला फार वाईट वाटलं.

आता जी कोणी विचार करतेय तिला सांगते, नाक करू नको असं मी म्हणणार नाही, तुझं नाक, तुझा निर्णय, कोणी पोपट म्हटलेलं काय असतं मला विचार. पण पैसे द्यायच्या आधी सुई किंवा सुरी धरणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर कागदावर घे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव टाकून बघता येतं, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम. त्या मुलाचं नाव मी नंतर मिळवलं, तिथे मला ते सापडलं नाही. डिग्री विचार, प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी, नाकाचं काम करणारे कान-नाक-घसा सर्जन पण असतात, पण भिंतीवर फ्रेम केलेल्या सर्टिफिकेटवर जाऊ नको. फिलर घेणारच असशील तर सीलबंद बॉक्स तुझ्यासमोर फोडायला लाव आणि बॅच नंबरचं स्टिकर फाईलला चिकटवून घे. आणि "आजच" म्हणणाऱ्याला आज पैसे देऊच नको, नाक कुठे पळून जात नाही.

कर्जाचं पण. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत कूलिंग ऑफ पीरियड आहे, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. किती दिवस ते कर्जाच्या कागदात लिहिलेलं असतं. मी तो पीडीएफ महिन्याने उघडला, तोवर मुदत गेली होती. ओटीपी आला की आधी तो मेसेज पूर्ण वाचा बायांनो.

मी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १९१५ वर फोन करा, मी पण तिथूनच सुरुवात केली. वकील म्हणाले व्हॉट्सॲपचे चॅट आहेत हे फार बरं झालं. मी रागात सगळं डिलीट करणार होते, ह्यांनी अडवलं. तुमच्याकडे असे चॅट, फोटो, पावत्या असतील तर काही काही पुसू नका. माझे अजून दोन हप्ते बाकी आहेत, साडेपाच हजारांचे, दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून जातात.